बेताच्या पैशांत दिल्ली

महाराष्ट्रातून दिल्ली पाहावयास निघणाऱ्या मध्यम स्थितीतील कुटुंबाची पहिली बैठक खर्चाचा अंदाज बांधण्यासाठी भरते, आणि त्या बैठकीत पहिली कात्री बहुधा माणसांवरच चालते.

समजा, मिरजेस एक शिक्षक आहेत. घरात पत्नी, तेरा वर्षांची मुलगी आणि सत्तरी उलटलेली आई. शिल्लक बेताची. हिशेबाची वही पुढे ओढून ते म्हणतात, “आईला दगदग सोसणार नाही. तिला ताईकडे ठेवू.” दगदगीचे कारण खोटे नसते; पण डोळ्यांसमोर असतो तो तिकिटाचा आकडा. पत्नी शांतपणे विचारते, “अहो, राजघाट पाहावा ही इच्छा मुळात कोणाची?”

खऱ्या काटकसरीस येथून आरंभ होतो. माणूस वगळावयाचे नाही असे एकदा ठरले, की वहीतील बाकीच्या प्रत्येक रकमेची झडती घेणे भाग पडते.

प्रथम रेल्वे. वृद्धांना भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा आईचे तिकीट पूर्ण धरावयाचे. परंतु गोवा एक्स्प्रेस मिरजेहून थेट हजरत निजामुद्दीन स्थानकावर पोहोचविते. आरक्षण खुले होताच तिकिटे काढली, तर आयत्या वेळच्या तत्काळ तिकिटाचा जादा आकार वाचतो आणि आईसाठी खालचा बर्थ मिळण्याचा संभवही वाढतो.

मग मुक्काम. दूरच्या वस्तीतील स्वस्त खोली पुष्कळदा महाग पडते. कारण सकाळ-संध्याकाळ रिक्षाचे भाडे तिच्या भाड्यात अदृश्यपणे मिळविलेले असते. मेट्रोच्या स्थानकापासून चालत गाठता येईल अशी साधी, शक्यतो तळमजल्यावरची खोली थोडे अधिक देऊनही पत्करावी.

दिल्लीत अंतरे मोठी आणि ऊन कडक. येथे बेताच्या कुटुंबाचा आधार म्हणजे मेट्रो. जपानच्या कर्जसाहाय्याने उभारलेल्या या रेल्वेचा शाहदरा ते तीस हजारी हा पहिला टप्पा २४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाला. ऑगस्ट २०२५ च्या दरवाढीनंतर, विमानतळाचा मार्ग सोडल्यास, तिचे किमान भाडे ११ व कमाल ६४ रुपये झाले. एका दिवसात शहराची चारही टोके दाखविणाऱ्या मोटारीच्या नादी न लागता, एकेका मार्गावरील स्थळे एकेका दिवशी पाहावीत. लाल किल्ला, जामा मशीद आणि दिल्ली गेट ही स्थानके ओळीने येतात. दिल्ली गेटहून राजघाट जवळ. दुसऱ्या मार्गावर पटेल चौकाला उतरून बंगला साहिब, केंद्रीय सचिवालयाहून कर्तव्यपथ व राष्ट्रीय संग्रहालय, आणि जोरबागेहून लोदी उद्यान.

वार न पाहता निघणे हाही खर्चच आहे. सोमवारी लाल किल्ला आणि राष्ट्रीय संग्रहालय दोन्ही बंद असतात. त्या दिवशी आलेल्याच्या पदरी परतीचे भाडे तेवढे पडते. कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि लोदी उद्यान सोमवारीही उघडी असतात. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही, म्हणजे मुलीचे तिकीट तेथे वाचते. लोदी उद्यान व राजघाट तर सर्वांनाच विनामूल्य आहेत.

जेवणाविषयी एक पथ्य पाळावे. गुरुद्वारातील लंगर सर्वांसाठी खुला आहे. पण तो खर्च वाचविण्याची युक्ती म्हणून वहीत मांडू नये. पंगतीत बसावे, पानात पडेल ते संपवावे आणि जमल्यास भांडी घासण्यास हात लावावा. उरलेल्या वेळी साधे, ताजे, पोटभर जेवण घ्यावे. जेवणात वाचविलेला पैसा परक्या गावी औषधाच्या दुकानात जाण्याचा धोका असतो.

एवढे केल्यावर वहीत थोडी रक्कम मोकळी होते. तिचा एक भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवावा आणि उरलेला जेथे हात आखडू नये तेथे खर्चावा. दिल्ली गेट ते राजघाट हे अंतर मुलगी हसतखेळत चालेल. आईसाठी मात्र रिक्षा करावी. तिच्याजवळ बसण्यासाठी दुपारचे एखादे स्थळ गाळावे लागले, तर खुशाल गाळावे.

राजघाटावर पादत्राणे काढून आत जावयाचे असते. काळ्या संगमरवरी चौथऱ्यापुढे आई हात जोडून उभी राहते, आणि आजीने एवढी वाट कशाची पाहिली हे नात तिला हलक्या आवाजात विचारते. रात्री शिक्षक वही उघडतात. रिक्षाची रक्कम अंदाजाहून अधिक झालेली असते. ते ती लिहितात आणि कोणाला काही न बोलता वही मिटतात.