स्वातीचा थेंब

शत्रूचा तोफगोळा हवेत असतानाच एक रडार त्याला टिपतं. त्याच्या वाटेचं गणित उलटं मांडून तो डागणारी तोफ कुठे आहे, ते सांगतं. १९९९ मध्ये कारगिलच्या लढाईत पाकिस्तानकडे असं अमेरिकी रडार होतं. आपल्याकडे त्या तोडीचं नव्हतं. त्या लढाईत आपले ५००हून अधिक जवान गेले. पुढे ‘डीआरडीओ’च्या बंगळुरूतल्या प्रयोगशाळेनं ‘स्वाती’ घडवलं. ते लष्कराच्या हाती रीतसर आलं २०१७ मध्ये. मी शब्दांचा माणूस. पण मधली १८ वर्षं मला टोचतात. स्वाती नक्षत्रातला थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो म्हणतात. पण एका रात्रीत नाही. युद्ध पेटल्यावर तिजोरी उघडते, वेळ मात्र विकत मिळत नाही. संशोधनाचा पैसा शांततेतच पेरावा लागतो.