किंमत आणि मोल

(कोल्हापूर येथील व्याख्यानाचा सारांश)



लंडनच्या लिलावातील वस्तूवर आज कोल्हापुरात बसून संगणकावरून बोली लावता येते. रोकड हातातून जात नाही, म्हणून पुढचा आकडा सहज दाबला जातो. विजयी बोलीवर लिलावगृहाचे शुल्क चढते, ते वेगळेच.

२००३ मध्ये उद्योगपती विजय मल्ल्या यांनी लंडनच्या लिलावात टिपूची तलवार घेतली. ती अपशकुनी मानून त्यांनी देऊन टाकल्याचे २०१८ मध्ये तेथील न्यायालयात सांगण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये सेनासाहेबसुभा रघुजी भोसले यांची तलवार लंडनमध्येच लिलावास आली. महाराष्ट्र शासनाने ती मध्यस्थामार्फत घेतली. वाहतूक व विम्यासह खर्च सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये. ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. एक तलवार एकाच्या हौसेबरोबर दृष्टिआड झाली, दुसरी समाजाची ठेव ठरली.

करवीरनगरीला हा विवेक नवा नाही. राजर्षी शाहूंनाही शिकारीची, कुस्तीची हौस होती. परंतु राज्याचा पैसा त्यांनी राधानगरीच्या धरणात आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत घातला.

बोली लावण्यापूर्वी प्रत्येक घराने एवढेच विचारावे : ही वस्तू आपल्यामागे कोणाच्या उपयोगी पडेल?