शिरोलीतून गळ घेऊन निघताय? आधी हे ऐका

सुट्टी लागली की शिरोली एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. पाहुणे आलेत, पोरं मागं लागलीत, मासे धरायला कुठं न्यायचं? आजचा भाग त्यावरच. गोडं पाणी आणि खारं पाणी, दोन्ही बघू.

पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडावर असतं: पंचगंगा. हायवेचा पूल जवळ, नदी दारात. गळ टाकला तर चिलापी लागतेही. पण घरी नेऊन पोरांना खायला घालणार असाल तर थांबा. ही नदी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत आहे. शहराचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, सगळं तिच्यातच मिसळतं. पाण्यातला ऑक्सिजन संपला की मासे वर येऊन तडफडतात आणि काही लोक तेच गोळा करून नेतात. लक्षात ठेवा, आयता वर आलेला मासा म्हणजे लॉटरी नव्हे, तो आजारी पाण्याचा निरोप आहे. तो खायचा नाही आणि विकत तर अजिबात घ्यायचा नाही.

दुसरी गोष्ट बंधाऱ्यांची. राजाराम बंधारा असो की दुसरा कुठला कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा, खालच्या अंगाला मासा जमतो, म्हणून गर्दीही तिथंच. पण पाणी पडतं त्या जागी ते आत ओढून घेतं. वरून उथळ दिसतं, खाली भोवरा असतो. पोहणारा गडीसुद्धा तिथं अडकतो. लहान पोरांना बंधाऱ्यावर नेऊच नका.

मग जायचं कुठं? धरणं आणि तलाव. पण एक नियम बऱ्याच जणांना माहीत नसतो. बहुतेक जलाशयांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडून सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. संस्थेचे सभासद तिथं बी सोडतात. रोहू, कटला, मृगळ हे त्यांनी वाढवलेलं पीकच असतं. दुसऱ्याच्या उसात शिरून ऊस मोडतो का आपण? मग काठावर भेटेल त्या मच्छीमाराला विचारा, "मामा, इथं गळ टाकला तर चालेल का?" विचारलं की बहुतेक वेळा जागाही दाखवतात आणि आमिष कुठलं लावायचं तेही सांगतात.

राधानगरी-दाजीपूरला जाणाऱ्यांनी जरा जास्त जपा. ते अभयारण्य आहे. हद्दीत परवानगीशिवाय गळ टाकला तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा. तिथं गवे बघा, धरण बघा, काठी गाडीत ठेवा. आणि जिलेटीन किंवा विषारी पावडर टाकून मासे मारायला 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे. कुणी "गंमत दाखवतो" म्हणालं तर पोरांना घेऊन सरळ निघून या.

आता खारं पाणी. आंबा घाटानं रत्नागिरी, गगनबावडा किंवा फोंडा घाटानं देवगड-मालवण. सव्वाशे ते दीडशे किलोमीटर. कुटुंबासाठी खाडी सगळ्यात बरी. रत्नागिरीजवळ भाट्याची खाडी, मालवणकडं देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो भाग. लाटा कमी, बोय आणि काळुंदर मिळतात. तंगूस, छोटा गळ आणि कोळंबीचा तुकडा एवढं पुरतं. फक्त मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथले नियम स्थानिकांना विचारूनच पुढं जा.

समुद्राचं गणित मात्र घाटावरच्या माणसाला शिकावं लागतं. कोकणातला सोपा हिशेब सांगतो. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा. आज षष्ठी असेल तर सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. म्हणजे साधारण साडेचारला पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं. ओहोटीला चालत गेलात त्या खडकाभोवती भरतीला पाणी भरतं आणि परतीची वाट बंद होते. सेल्फीच्या नादात माणसं अडकतात ती अशीच.

आणि गळाला काहीच लागलं नाही तर? पहाटे मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढतात ती बघा. होडीतून अर्धगोल जाळं टाकतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. विचारून दोरीला हात लावा. पोरांना कळेल की ताटातल्या एका तुकड्यामागं किती हात असतात. एलईडी आणि पर्ससीनच्या मोठ्या बोटींपुढं ही रापणवाली माणसं कशीबशी टिकून आहेत, तेही कळेल.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. मासा अंडी घालतो तो हाच काळ. गोड्या पाण्यातही पहिल्या पावसात मासे चढणीला लागतात, पोटात गाबोळी असते. तेव्हा पोती भरून आणली तर पुढच्या वर्षी पोरांना काय दाखवणार?

निघताना तीन गोष्टी तपासा: होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट, बारका मासा परत पाण्यात, आणि तुटलेला तंगूस गोळा करून पिशवीत, कारण त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

हा भाग सुट्टीचा प्लॅन करणाऱ्या भावाला नाहीतर दाजींना पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर, जपून जावा आणि निवांत या!