थिएटरात शेजारी कोण होतं?

(मुंबईतल्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सिनेमावर बोल, असा मला आग्रह झाला. मी काही समीक्षक नाही. पण गेल्या काही वर्षांत थिएटरात जाऊन पाहिलेले तीन सिनेमे डोक्यातून जात नाहीत, त्यांच्याबद्दल सांगते. पडद्याइतकंच खुर्च्यांवर बसलेल्या माणसांबद्दलही सांगणार आहे.

पहिला ‘अ‍ॅनिमल’. डिसेंबर २०२३ मध्ये आला. माझा भाचा कॉलेजात शिकतो, एकोणीस वर्षांचा. तो म्हणाला, ‘‘मावशी, न बघताच शिव्या देऊ नकोस, चल.’’ गेले. तीन तासांहून मोठा सिनेमा. त्यात एका ठिकाणी नायक एका मुलीला सांगतो, प्रेम सिद्ध करायचं तर माझे बूट चाट. पडद्यावरचं हे वाक्य मी एक वेळ सहन केलं असतं. पण मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या, आणि माझे हातपाय गार पडले. भाच्याने शिटी मारली नाही. पण त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, ‘‘पिक्चरच आहे गं तो.’’ आणि मी, इतकी वर्षं मोर्च्यांत आणि शिबिरांत बोलणारी बाई, बसस्टॉपपर्यंत गप्प चालत राहिले.

एकेकाळी आपण अश्लील पोस्टरांना काळं फासलं. ते बरोबरच होतं. पण अंधारातल्या शिट्टीला काळं कसं फासणार?

दुसरा ‘लापता लेडीज’, किरण राव यांचा, मार्च २०२४ मधला. या वेळी वस्तीतल्या बचत गटाच्या आम्ही आठजणी गेलो. रविवारची दुपार, घरी जेवणं उरकून. घुंघटामुळे दोन नव्या नवऱ्यांची रेल्वेत अदलाबदल होते, अशी गोष्ट. त्यातल्या फूलला सासरच्या गावाचं नाव धड सांगता येत नाही. सगळं थिएटर हसलं. माझ्या शेजारची, चार घरच्या पोळ्या करणारी बाई हसली नाही. हळूच म्हणाली, ‘‘ताई, मलापण नसतं सांगता आलं.’’ फूलला स्टेशनवर आसरा देते ती मंजू माई, चहाचा ठेला चालवणारी. तिच्याच कमाईवर जगून तिलाच मारणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला तिने घराबाहेर काढलेलं असतं. फूल कलाकंद करते आणि मंजू माई तिच्या हातात मजुरी ठेवते, तिथे आमच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. मी तर जोरात वाजवल्या. शिट्ट्यांचं उट्टं काढलं म्हणा.

तिसरा पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’. मे २०२४ मध्ये कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री मिळालं आणि नोव्हेंबरात तो आपल्याकडे लागला. मुंबईत नोकरी करणाऱ्या दोन मल्याळी नर्सेस आणि त्याच हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी रत्नागिरीकडची पार्वती. मंजू माई आणि पार्वती, दोघी आपल्या छाया कदमनेच केल्यात. पार्वती विधवा आहे, वर्षानुवर्षं चाळीत राहते, पण तिथे राहत असल्याचा एकही कागद तिच्याजवळ नाही. बिल्डर तिला हुसकतो. ती आणि तिची मैत्रीण बिल्डरच्या जाहिरातीवर दगड मारतात. आणि शेवटी पार्वती गाठोडं बांधून गावी जाते.

हा मी एकटीनेच पाहिला. मल्टिप्लेक्सचं तिकीट आणि कामाच्या वेळेतला खेळ, बायकांना नेणार कशी? थिएटरात जेमतेम पंधरा माणसं. टाळी वाजवावीशी वाटली, पण शेजारी कुणी नव्हतं.

म्हणून पुढच्या बैठकीत मी त्याची गोष्ट सांगितली. पोळ्या करणारी ती बाई मध्येच म्हणाली, ‘‘ती एवढी राबली, मग तिचं नाव कागदावर कसं नाही?’’ मी विचारलं, ‘‘तुमच्या घराच्या कागदावर कुणाचं नाव आहे? हात वर करा.’’ दोनच हात वर आले, दोघीही विधवांचे. बाकीच्यांचा फोटोपास नवऱ्याच्या नावावर, वीजबिल सासऱ्याच्या. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत घर नवरा-बायको दोघांच्या नावावर द्यायचा नियम आहे, हे तिथे कितीजणींना ठाऊक होतं? एकीलाही नाही. आता दर बुधवारी आम्ही एकेकीचे कागद बाहेर काढून बघतो.

आपण गटांमध्ये सिनेमाची चर्चा करतो ती दिग्दर्शकाने काय दाखवलं याची. ती करूच. पण बघून आल्यावर अर्धा तास एकत्र बसा आणि कोण कुठे हसली, कुणाला हसू आलं नाही, हे विचारा. जिला हसू आलं नाही तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. आणि जिला तिकीट परवडत नाही तिला गोष्ट तरी सांगा.

एक कबुली देऊन थांबते. बायकांमध्ये हे सगळं मला जमलं. भाच्याशी मात्र ते बसस्टॉपवरचं बोलणं अजून राहिलंय. त्याला मला रागवायचं नाही, एवढंच विचारायचंय : मागून शिट्ट्या आल्या तेव्हा तू माझ्याकडे का पाहिलं नाहीस? मला वाटतं, त्यालाही लाज वाटली असावी. पण हे मी त्याच्याकडूनच ऐकायला हवं. येत्या रविवारी त्याला जेवायला बोलावलंय.