शिधा आणि ताट

लग्नघरी पाहुणा आला की त्याच्यापुढे वाढलेलं ताट ठेवायचं, की डाळ-तांदळाचा शिधा हातात देऊन ‘चूल तिकडे आहे’ म्हणायचं? आपण मोबाइलवर उघडतो त्यातल्या कित्येक संकेतस्थळांनी दुसरी रीत धरली आहे. सर्व्हर पाठवतो जवळजवळ कोरं पान आणि जावास्क्रिप्टचं एक गाठोडं. ब्राउझरने ते उतरवून घ्यायचं, सोडायचं, वाचायचं, चालवायचं. मजकूर मागायला पुन्हा सर्व्हरच्या दारी जायचं. मग कुठे अक्षरं उमटणार. तोवर आपण गरगरणारं चक्र पाहत बसायचं.

या रीतीचं ऋणही मोठं आहे. २००५ साली गूगल मॅप्स आलं. तोवर नकाशा जरा उजवीकडे न्यायचा म्हटलं तरी बहुतेक ठिकाणी अख्खं पान नव्याने यायचं. आता माउसने ओढला की नकाशा हाताबरोबर सरकू लागला. जिथे माणूस तासन्‌तास मुक्काम ठोकून काम करतो, तिथे शिधाच हवा.

पण दोन ओळी वाचायला आलेल्याचं काय? ट्विटरचंच पाहा. २०१० मध्ये त्यांनी पान रचण्याचं काम वाचणाऱ्याच्या ब्राउझरवर सोपवलं. पत्त्यात # आणि त्यापुढे उद्गारचिन्ह दिसू लागलं. आता, # नंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला कळवतच नाही. म्हणजे दारात आलेल्याला काय हवंय, हे घरधन्याला ठाऊक नाही. स्क्रिप्ट येऊन चालू लागली की मगच उलगडा. तेव्हाच्या ट्विटच्या १४० अक्षरांसाठी केवढा हा खटाटोप! मे २०१२ मध्ये त्यांच्या अभियंत्यांनी जाहीर केलं, की पहिलं पान पुन्हा सर्व्हरवरच रचलं जाईल. ते उघडायला लागणारा वेळ पूर्वीच्या एक पंचमांशावर आला.

पुढच्याच वर्षी फेसबुकने रिअ‍ॅक्ट हे पान रचायचं आपलं साधन सर्वांसाठी खुलं केलं. त्याने सर्व्हरवरही पान रचता येतं. तरी पुष्कळांनी शिध्याचीच वाट धरली.

याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. शंभर किलोबाइटचं चित्र आणि तेवढीच स्क्रिप्ट उतरायला सारखाच वेळ घेतील, पण स्क्रिप्ट वाचून चालवायला प्रोसेसरला खपावं लागतं. महागड्या फोनला ते जाणवतही नाही. जुना, स्वस्त फोन तापतो आणि अडतो. बनवणाऱ्याच्या टेबलावर मात्र बहुधा चांगलाच संगणक असतो. त्याला हे दिसणार कसं?

इथे बसलेल्यांपैकी अनेकांची मुलं हेच काम करतात. त्यांना माझा निरोप द्या: बातमी, निकाल, वेळापत्रक, औषधाची माहिती असं वाचण्यापुरतं पान असेल, तर ते सर्व्हरवरच रचून पाठवा. आणि लोकांच्या हाती देण्याआधी, घरातला सर्वांत जुना फोन घेऊन, रेंज नीट नसलेल्या एखाद्या एसटी स्टँडवर उभं राहून ते एकदा स्वतः उघडून पाहा.