आयोडीन: मिठातलं, मलमातलं

गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. आयोडीनच्या मिठानं किडनी खराब होते म्हणतात, मग आम्ही खडे मीठ आणायचं का?

नाही होत, हे आधीच सांगते. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला 250. मोहरीच्या दाण्याहून कितीतरी कमी! दुकानातल्या किलोभर मिठात ते किमान 15 मिलिग्रॅम असायला हवं. अंगाला लागून उरलेलं लघवीवाटे निघून जातं. किडनीच्या रुग्णाला डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात ते सोडियमसाठी, आयोडीनसाठी नव्हे. सोडियम खड्यातही तेवढंच असतं. म्हणजे खडे मीठ आणून किडनीला फायदा नाही, उलट गलगंडाची भीती.

जपायचं ते दुसरीकडे. घराघरात फळीवर तपकिरी मलमाची ट्यूब असते, पोव्हिडोन आयोडीनची. खरचटलं, विळीनं कापलं तर चांगलं औषध आहे ते, त्याबद्दल तक्रार नाही. पण कुणी भाजलं की बाया तेच अंगभर थापतात. आता हिशेब बघा. 5 टक्क्यांच्या, 20 ग्रॅमच्या एका ट्यूबमध्ये सुमारे 100 मिलिग्रॅम आयोडीन असतं. म्हणजे एका माणसाची दीड वर्षाहून जास्त दिवसांची गरज! धडधाकट कातडीतून त्यातलं फार थोडं आत जातं. भाजल्यावर कातडीची ती भिंतच राहत नाही, आयोडीन थेट रक्तात उतरतं. ते बाहेर टाकायचं काम किडनीचं. मोठ्या भाजलेल्या भागावर रोज मलम लागत राहिलं तर किडनी कमी पडते, रक्तात आम्ल वाढतं, लघवी कमी होते, श्वास जोरात चालतो, माणूस गुंगीत जातो. भाजण्यानंही किडनीवर ताण येतोच, त्यामुळे मलमाकडे कुणाचं लक्ष जात नाही. ज्याची किडनी आधीच अधू, त्याला धोका जास्त.

म्हणून भाजल्यावर 20 मिनिटं साधं वाहतं पाणी, मग स्वच्छ कोरडं फडकं. भाजणं मोठं असेल तर 108 ला फोन. मलम कोणतं लावायचं ते डॉक्टर ठरवतील. टूथपेस्टही नको, हे सांगून सांगून मी थकले!

बाळाच्या नाळेलाही हे औषध आपल्या मनानं लावू नका. बाळाची कातडी पातळ, आयोडीन आत जाऊन त्याची थायरॉईड ग्रंथी मंदावू शकते. नाळ कोरडी ठेवा. आणि पोरानं बाटलीतलं औषध प्यायलंच, तर उलटी काढत बसू नका. बाटली हातात घ्या आणि दवाखाना गाठा.

राहिला सीटी स्कॅन. त्यात कधीकधी शिरेतून रंगाचं औषध देतात. त्यातलं आयोडीन वेगळ्या बांधणीचं असतं, पण 100 मिलिलिटरमध्ये 30 ग्रॅमच्या आसपास किंवा जास्तही भरतं आणि तेही किडनीलाच बाहेर काढावं लागतं. बहुतेकांना काही होत नाही. पण किडनीचा आजार असेल, मधुमेह असेल, तर सुई टोचण्याआधी तिथं सांगा. क्रिएटिनीनचा रिपोर्ट जवळ असू द्या. मधुमेहाची एखादी गोळी काही दिवस थांबवायची का, हेही विचारा. गोळ्यांची नावं सांगता येत नसतील तर पाकिटंच पिशवीत टाकून न्या.