प्रेक्षक होते, मैदान नव्हते



बायकांचा खेळ पैसे देऊन कोण पाहणार, असे पुष्कळदा ऐकू येते. मी खेळांची वेडी. मला हे पटत नाही. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलला एका कारखान्यातील मुलींचा फुटबॉल पाहायला सुमारे ५३ हजार माणसे लोटली. पुढच्याच वर्षी तेथील फुटबॉल संघटनेने आपली मैदाने स्त्रियांना बंद केली, ती जवळजवळ ५० वर्षे! अमेरिकेत १९४३ साली, पुरुष खेळाडू लढाईवर गेले तेव्हा, बेसबॉलच्या धंद्याला स्त्रिया चालल्या. पगार मिळे, पण खेळायचे झग्यात, आणि घसरताना पाय सोलवटायचे. १९५४ नंतर तेही संपले. प्रेक्षक होते, मैदानाच्या किल्ल्या मात्र दुसऱ्यांकडे होत्या. म्हणून सांगते, मुलींच्या खेळाचे नुसते कौतुक करू नका. त्यांच्यासाठी मैदान मागा.